मोटारीची किल्ली : मनगटापासून खिशापर्यंत

मोटारीचा इतिहास सांगताना आपण बहुधा मॉडेलांविषयी, कारखान्यांविषयी आणि वेगाविषयी बोलतो. गाडी सुरू कशी करायची आणि ती दुसऱ्या कुणाला सुरू करता येऊ नये म्हणून काय करायचे, हा भाग मागे राहतो. खरे तर रोजच्या वापरात मालकाचा गाडीशी पहिला संबंध येतो तो इथेच. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत ही पद्धत चार-पाच वेळा मुळापासून बदलली. आज सोलापुरातल्या सात रस्त्यावर सिग्नलला उभ्या असलेल्या गाड्यांत या इतिहासातले तीन टप्पे एकाच वेळी दिसतात : साध्या लोखंडी किल्लीची जुनी गाडी, काळ्या प्लास्टिकच्या मुठीत चिप दडवलेली मधल्या काळातली गाडी, आणि किल्ली खिशातच ठेवून बटण दाबल्यावर सुरू होणारी नवी गाडी.

या विषयाकडे मी वळलो तो सोलापूरकर म्हणूनही. देशात मोटारीचा कारखाना उभा करण्याचा ध्यास घेणारे वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. आजही इथल्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारे कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा ठरल्या क्षणी उघडणारे दांडे, देशोदेशीच्या मोटारींत बसतात. चादरीच्या या गावाचे मोटारीशी असलेले नाते फारसे सांगितले जात नाही. ते सांगावे, आणि त्या निमित्ताने एका साध्या प्रश्नाचा माग काढावा, असा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न असा : आपण गाडीचे मालक आहोत हे गाडीला कळते कशावरून?

हँडल मारण्याचे दिवस

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाचा एक स्वभाव आहे. ते आपणहून सुरू होऊ शकत नाही. हवा आणि इंधन आत ओढायचे, दाबायचे, पेटवायचे आणि धूर बाहेर टाकायचा, या चार पायऱ्यांचे चक्र एकदा फिरू लागले की पुढची ताकद स्फोटातून मिळते. पहिला फेरा मात्र बाहेरून कुणीतरी द्यावा लागतो. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत मागच्या बाजूला आडवे जड चाक होते. ते हाताने फिरवून इंजिन चालू करावे लागे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ हीच गाडी घेऊन दोन मुलांसह मॅनहाइमहून फोर्झहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरवर, माहेरी गेल्या. वाटेत दर वेळी गाडी सुरू करण्यासाठी हात लावावा लागला तो याच चाकाला.

पुढे चाकाची जागा हँडलने घेतली. गाडीच्या तोंडाशी असलेल्या भोकात वाकडी लोखंडी दांडी घालायची, ती इंजिनाच्या दांड्यात अडकली की खालून वर जोर लावून फिरवायची. याला आपल्याकडे ‘हँडल मारणे’ म्हणत. ज्यांनी गावाकडच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन पाहिले आहे, त्यांना ही क्रिया वेगळी समजावून सांगायला नको. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली आणि अशी इंजिने महाराष्ट्रभर शेतात पोहोचली. दाब सोडायची कळ उचलायची, हँडल गरगर फिरवायचे, वेग आला की कळ सोडायची. मग काळ्या धुराचा भपका निघे आणि पाटाला पाणी येई. पायाने किक मारायची स्कूटरही याच कुळातली. जुनी स्कूटर सकाळी सुरू होईना, की ती एका अंगाला कलती करून मग किक मारणारे वडीलधारे पुष्कळांनी पाहिले असतील.

मोटारीचे हँडल मात्र धोक्याचे होते. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि दांडी मनगटावर येई. म्हणून अंगठा दांडीभोवती न गुंडाळता बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा आणि दांडी खाली दाबायची नाही, वर ओढायची, असा दंडक होता. मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूने हाड मोडण्याच्या एका प्रकाराला अस्थिरोगतज्ज्ञ आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. गाड्यांचे हँडल गेले, पण त्याची जखम वैद्यकाच्या पुस्तकात राहिली.

या काळात चोरीपासून गाडीचे रक्षण करायचे म्हणजे मुख्यतः माणूस ठेवायचा. गाडी श्रीमंताकडे असे आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर असे. शिवाय गाडी सुरू करणे हेच एक कसब होते, आणि ते येणारे हात थोडे होते. मालकीचा पुरावा गाडी मागत नव्हती. ती फक्त ताकद आणि सराव मागत होती.

‘सेल्फ’ आला

हा अडसर दूर केला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने. डेटन शहरातल्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्याने दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी विजेची छोटी मोटर तयार केली होती. गल्ला उघडण्यापुरताच क्षणभर जोर लागतो, त्यामुळे लहान मोटरवर थोडा वेळ जास्त भार टाकला तरी ती जळत नाही. हाच विचार त्याने मोटारीला लावला. इंजिनाला पहिला फेरा द्यायलाही काही क्षणच लागतात. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत हा विजेचा स्टार्टर बसला. इंग्रजीतल्या ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा आपल्या मेकॅनिकांनी पहिला भाग तेवढा ठेवला. ‘सेल्फ मारला’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘सेल्फ उतरवावा लागेल’ ही मराठी आजही कुठल्याही गॅरेजात ऐकू येते.

या शोधाने मोटार चालवणे अंगमेहनतीपासून सुटले. बायका, वयस्कर माणसे, कुणीही एकट्याने गाडी बाहेर काढू शकू लागले. पण त्याबरोबर एक गोष्ट हरवली. गाडी सुरू करायला आता कसब लागत नव्हते, म्हणजे ते चोरालाही लागत नव्हते. इथून पुढे कुलूप महत्त्वाचे झाले.

सुरुवातीला किल्ली आणि स्टार्टर ही दोन वेगळी साधने होती. किल्लीने ठिणगीच्या विजेची वाट उघडायची. मग पायाशी किंवा समोरच्या फळीवर असलेले बटण दाबून सेल्फ मारायचा. आजच्या बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीचे कौतुक करताना हे लक्षात ठेवावे, की बटण जुनेच आहे. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीने ही दोन्ही कामे एकाच किल्लीत आणली. किल्ली घालायची, पहिल्या घराला वीज येते, आणखी फिरवली की सेल्फ लागतो, सोडली की किल्ली आपोआप मागे येते. पुढची पन्नास वर्षे जगभर मोटार म्हणजे ही हालचाल.

सोलापूरचा धागा

इथे सोलापूरचा धागा येऊन मिळतो. वालचंद हिराचंद यांनी धंद्याची सुरुवात रेल्वेच्या कंत्राटांपासून केली. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीतले त्यांचे पहिले काम आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शी लाइट रेल्वेचे होते. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी, अशा वाहतुकीच्या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी कारखानदारी उभी केली. मोटारीच्या कारखान्याला परकीय सरकारचा पाठिंबा मिळत नव्हता. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला आणि तंत्रज्ञानाचा करार क्रायस्लरशी होता. म्हणजे ज्या कंपनीने किल्ली फिरवून गाडी सुरू करण्याची पद्धत आणली, तीच वालचंदांची पहिली भागीदार होती. १९५३ मध्ये वालचंद गेले. त्याच दशकात प्रीमियरने फियाटशी संबंध जोडला, आणि त्यातून पुढे जी गाडी आली ती मराठी मध्यमवर्गाची ‘फियाट’, नंतरची पद्मिनी. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने जे आयुष्य काढले, ते ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले.

फियाट आणि ॲम्बेसेडर या दोन गाड्यांनी आपल्या कित्येक पिढ्यांना गाडी सुरू करण्याचे शिक्षण दिले. थंडीत चोक ओढायचा, सेल्फ फार वेळ मारायचा नाही, बॅटरी बसेल. पेट्रोलचा वास आला तर थांबायचे. बॅटरी बसलीच तर डिकीतले हँडल होते. तेही जमेना तर ‘धक्का स्टार्ट’ : चौघांनी ढकलायचे, ड्रायव्हरने दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावलेल्या पहिल्या बसपासून एसटीचा जो इतिहास सुरू होतो, त्यात उतरून बस ढकलणाऱ्या प्रवाशांचेही योगदान आहे. बॅटरी अशक्त असली की उतारावर गाडी उभी करायची, हे ड्रायव्हरला कुणी शिकवावे लागत नसे.

या गाड्यांची कुलपे मात्र भोळी होती. किल्लीच्या दात्यांचे प्रकार मोजके. वापरून झिजलेली एका गाडीची किल्ली दुसरीला लागल्याच्या आठवणी अनेक घरांत सांगितल्या जातात. किल्ली नसली तरी स्विचमागच्या वायरी ओढून जोडल्या की काम होई. जुन्या डिझेल ट्रकला तर एकदा सुरू झाल्यावर विजेची गरजच उरत नसे. बंद करायला ‘स्टॉप’ खेचावा लागे. हैदराबाद, पुणे आणि विजापूर या तिन्ही दिशांच्या मालवाहतुकीचे सोलापूर हे नाके असल्याने क्लीनर गाडीतच झोपायचा, हीच इथली मोठी सुरक्षा होती. जाणते मालक बॅटरीची वायर तोडणारा एखादा खटका सीटखाली लपवून बसवून घेत. तो कुठे आहे हे मालकाला आणि मेकॅनिकला ठाऊक, तिसऱ्याला नाही.

तरीही किल्लीला मान होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० चे वितरण झाले, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी ग्राहकाच्या हाती दिली ती किल्लीच. दसऱ्याला, पाडव्याला नवी गाडी घेताना शोरूममध्ये आपण फोटो काढतो तेव्हा आजही हातात किल्ली धरतो. गाडी खिशात किल्ली असतानाच सुरू होणारी असली, तरी मग शोरूमवाले पुठ्ठ्याची मोठी किल्ली हाती देतात.

जुन्या गाडीवाल्याचे काय?

वायरी जोडून गाडी पळवण्यावर पहिला खरा उपाय म्हणजे स्टिअरिंग लॉक. किल्ली काढली की स्टिअरिंगचा दांडाच अडकतो. इंजिन चालू झाले तरी गाडी वळत नाही. या लॉकच्या सक्तीबाबत दोन देशांनी घेतलेले वेगवेगळे निर्णय मला फार बोलके वाटतात. पश्चिम जर्मनीने १९६१ ते १९६३ या काळात जुन्या-नव्या सर्व मोटारींना हे लॉक सक्तीचे केले. चोऱ्या घटल्या आणि घटलेल्याच राहिल्या. ब्रिटनने १९७१ पासून फक्त नव्या मोटारींना सक्ती केली. तिथे चोर नव्या गाड्या सोडून जुन्यांकडे वळले. एकूण चोऱ्यांत लवकर फरक पडला नाही, कुणाची गाडी जाणार एवढे बदलले.

गुन्हेशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण नेहमी दिले जाते, पण त्याचा अर्थ सोलापूरसारख्या गावाला अधिक लागू आहे. आपल्याकडे गाडी एका मालकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते. नवे कुलूप पहिल्या मालकाला मिळते. चोर ज्या जुन्या गाडीकडे वळतो, ती कर्ज काढून घेतलेल्या तिसऱ्या मालकाची असते. कधी ती त्याची भाड्याने चालणारी गाडी असते, म्हणजे घरातली चूल त्याच गाडीवर पेटत असते.

किल्ली बोलू लागली

एकोणिसशे नव्वदच्या दशकात किल्लीच्या मुठीत एक छोटी चिप आली. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली स्विचमध्ये घातली, की भोवतीची तारेची वेटोळी तिला वीज पुरवते आणि गाडी तिला एक आकडा विचारते. चिप आपल्याजवळच्या गुप्त आकड्याच्या आधारे उत्तर काढते. उत्तर चुकले तर सेल्फ फिरेल, पण इंधन किंवा ठिणगी मिळणार नाही. हाच इमोबिलायझर. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. नेदरलँड्समधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास केला. या एका साधनामुळे मोटारींच्या चोऱ्या सरासरी चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आधी केलेल्या उपायांच्या मानाने हे यश मोठे होते.

चिपची किल्ली आल्याने किल्लीवाल्याचे कामही बदलले. लोखंडी पात्यावर घासणी फिरवून डोळ्यांच्या अंदाजाने चावी बनवणारे कारागीर सोलापुरात अजून आहेत. त्यांतल्या एकाशी बोलत होतो. तो म्हणाला, “पातं कापायला धा मिनटं बी लागत नाहीत बघा सायेब. पण गाडीला ती चावी ओळखाय शिकवायचं म्हणजे लॅपटॉप आला, मशीन आलं. ते जमलं तर चावी, नाहीतर नुसतं पातंच.” त्याच्याकडे जुन्या किल्ल्यांचा एक डबा आहे. त्यांतल्या निम्म्या दार उघडतात, पण गाडी सुरू करत नाहीत.

कायद्याच्या आणि विम्याच्या व्यवहारातही किल्ली हा पुरावा झाला. गाडी चोरीला गेली, की विमा कंपन्या दोन्ही मूळ किल्ल्या मागतात. एक नसेल तर प्रश्न सुरू होतात. एका ट्रकच्या प्रकरणात चालक किल्ली आतच ठेवून थोड्या वेळासाठी खाली उतरला आणि ट्रक गेला. निष्काळजीपणाचे कारण देऊन कंपनीने दावा नाकारला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाव्याच्या ७५ टक्के रक्कम मालकाला मिळावी असा निकाल दिला. उरलेले २५ टक्के ही त्या विसरलेल्या किल्लीची किंमत म्हणायची.

खिशातली किल्ली

दुरून दार उघडण्याची सोय १९८२ मध्ये रेनॉच्या फ्युएगो गाडीत आली. किल्ली खिशातून बाहेरच काढायची नाही, ही कल्पना १९९० च्या दशकाच्या शेवटी मर्सिडीझच्या एस-क्लासमुळे प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वीस वर्षांत मध्यमवर्गीय गाड्यांपर्यंत उतरली. पुण्याच्या बजाजचे चेतक हे नाव २०२० मध्ये विजेच्या स्कूटरवर परत आले, तेव्हा तीही बिनकिल्लीची होती. एकेकाळी जिला कलती करून किक मारायची, तिच्या नावाची ही नवी पिढी.

याची रीत अशी. आपण दाराच्या मुठीला हात लावला की गाडी एक मंद लहर सोडते. ती जेमतेम दीड-दोन मीटर जाते. खिशातल्या किल्लीला ती ऐकू आली की किल्ली वेगळ्या, लांब जाणाऱ्या लहरीवर उत्तर देते. उत्तर बरोबर असेल तर दार उघडते. आत बसून ब्रेक दाबून बटण दाबले की हाच संवाद पुन्हा होतो आणि इंजिन सुरू होते. इथे गाडी दोन गोष्टी गृहीत धरते : आकडा बरोबर आहे, आणि मंद लहर ऐकू आली त्या अर्थी किल्ली जवळच आहे.

यातल्या दुसऱ्या गृहीतकात खोट निघाली. स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये आठ कंपन्यांच्या दहा गाड्या तपासल्या. एक यंत्र गाडीजवळ आणि दुसरे किल्लीजवळ धरले, आणि गाडीची मंद लहर या यंत्रांनी पुढे पोहोचवली. आकडा फोडायची गरजच पडली नाही, कारण उत्तर खरी किल्लीच देत होती. दहाच्या दहा गाड्या फसल्या. घरात दाराशी खुंटीवर टांगलेली किल्ली आणि अंगणात उभी गाडी यांच्यामध्ये दोन माणसे दोन यंत्रे घेऊन उभी राहिली की पुरे. काच फुटत नाही, कुलूप तुटत नाही. सकाळी फक्त जागा रिकामी दिसते. मग मालकाने पोलिसांना आणि विमा कंपनीला काय दाखवायचे? दोन्ही किल्ल्या तर त्याच्याच हातात असतात.

चोरांनी दुसऱ्या वाटाही शोधल्या. २०२२ मध्ये लंडनमधल्या एका सुरक्षा-अभ्यासकाचीच टोयोटा चोरीला गेली. आधीच्या काही दिवसांत पुढच्या दिव्याजवळचा भाग कुणीतरी उचकटलेला त्याला दिसला होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने छडा लावला. गाडीतल्या सगळ्या उपकरणांना जोडणाऱ्या वायरीत दिव्याच्या जागेतून शिरून ‘किल्ली ओळखली’ असा खोटा निरोप देणारे यंत्र वापरले गेले होते. एकेकाळी स्विचमागच्या दोन वायरी जोडत. हे त्याचेच पुढचे रूप. दरवाजा मजबूत झाला, पण भिंतीत खिडकी उघडी राहिली होती.

याचा अर्थ जुनी लोखंडी किल्ली बरी होती, असाही नाही. अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती नव्हती. तिथे ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ ते २०२१ मधल्या, साध्या किल्लीच्या कितीतरी स्वस्त मॉडेलांत तो बसवलाच नव्हता. २०२१ नंतर कोवळ्या पोरांनी किल्लीच्या जागी यूएसबीचे टोक घालून या गाड्या पळवल्याचे व्हिडिओ पसरले आणि चोऱ्यांची लाट आली. शेजारच्या कॅनडात २००७ पासून सक्ती होती. तिथे याच कंपन्यांच्या गाड्यांत चिप होती. चिपचा खर्च वाचला तो स्वस्त गाडीत, आणि त्याचा फटकाही स्वस्त गाडीवाल्याला बसला. स्टिअरिंग लॉकची गोष्टच पुन्हा घडली.

कुलूप उघडल्याचे सांगावे का?

या साऱ्यात एक जुना वाद दडलेला आहे. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कुलूपकाराने त्या काळी अभेद्य मानली जाणारी कुलपे उघडून दाखवली. ब्रामा यांचे कुलूप अनेक दशके दुकानाच्या खिडकीत दोनशे गिनींच्या बक्षिसासह आव्हान म्हणून ठेवलेले होते. हॉब्सने ते सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून उघडले. लोक चिडले : हे जाहीर केल्याने चोर शहाणे होतील. हॉब्सचे म्हणणे होते की चोर आधीच शहाणे असतात, अंधारात असतात ती घरमालक माणसे. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी गुप्तलेखनासाठी हाच विचार नियम म्हणून मांडला. यंत्र शत्रूच्या हाती पडले तरी चालले पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली.

मोटार उद्योगाने हा धडा उशिरा घेतला. २००५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी एका प्रचलित चिपचे गुप्त गणित उलगडून दाखवले. तिचा आकडा अवघ्या चाळीस बिटांचा होता. सुमारे एक लाख दहा हजार कोटी शक्यता ऐकायला प्रचंड वाटतात, पण संगणकाला त्या चाळायला फार वेळ लागत नाही. २०१३ मध्ये ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी दुसऱ्या एका चिपमधला दोष शोधला, तेव्हा फोक्सवॅगनने इंग्लंडच्या उच्च न्यायालयातून प्रबंध रोखणारा मनाई हुकूम मिळवला. तो प्रबंध दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, प्रसिद्ध झाला. मधल्या काळात त्या गाड्या रस्त्यावरच होत्या आणि त्यांच्या मालकांना काही माहीत नव्हते.

कंपनीची बाजू पूर्ण टाकाऊ नाही. विकलेल्या लाखो गाड्यांची चिप एका रात्रीत बदलता येत नाही, आणि दोषाचा तपशील छापला तर काही नवशिके चोर तयार होतीलही. म्हणून आधी कंपनीला कळवायचे, दुरुस्तीला मुदत द्यायची आणि मग जाहीर करायचे, हा संशोधकांनी पाळलेला मधला मार्ग मला योग्य वाटतो. मुदत संपल्यावरही मौन पाळायचे, हे मात्र मालकाच्या जिवावर कंपनीची अब्रू राखणे होय.

मालकाच्या हातात काय आहे?

नव्या गाड्यांत आता वेळ मोजणारी किल्ली येऊ लागली आहे. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, तीस सेंटीमीटर जाते. उत्तराला लागलेल्या वेळावरून किल्लीचे खरे अंतर काढता येते. मध्ये कुणी लहर पुढे पोहोचवली तर वाट लांबते आणि उशीर उघडा पडतो. काही किल्ल्या थोडा वेळ न हलता पडून राहिल्या की झोपी जातात, म्हणजे खुंटीवरची किल्ली रात्री उत्तरच देत नाही. हे चांगले उपाय आहेत, पण ते नव्या गाडीत आहेत.

ज्यांच्याकडे मधल्या काळातली बिनकिल्लीची गाडी आहे, त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते स्वस्त आहे. किल्ली दाराजवळ किंवा खिडकीजवळ ठेवू नये. लहरी अडवणारी पिशवी मिळते. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाही बहुधा चालतो, पण किल्ली डब्यात ठेवून तो गाडीला टेकवून दार उघडते का हे एकदा तपासावे. अनेक गाड्यांत ही जवळ आल्यावर उघडण्याची सोय बंद करता येते, शोरूममध्ये विचारावे. स्टिअरिंगला बाहेरून लावायचा दांडा किंवा गिअर लॉक जुनाट दिसतो, पण रेडिओलहरीने तो उघडत नाही. सीटखालचा लपवलेला खटका आजही तितकाच उपयोगी आहे. मात्र गाडी वॉरंटीत असेल तर वायरीला हात लावण्याआधी विचारून घ्यावे. जुनी गाडी विकत घेताना दोन्ही किल्ल्या मागाव्यात, आणि आपल्याकडच्या सोडून बाकी किल्ल्या गाडीच्या स्मरणातून पुसून घ्याव्यात. जुन्या मालकाकडे राहिलेली तिसरी किल्ली कागदपत्रांत दिसत नाही.

आणखी एक सवय बटणामुळे मोडली आहे. किल्ली फिरवून काढणे ही गाडी बंद झाल्याची खूण होती. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२६ नुसार गाडी सोडून जाताना यंत्र बंद आणि ब्रेक लावलेला असावा लागतो. मूक इंजिनाची गाडी बटण न दाबता तशीच सोडून किल्ली खिशात घेऊन निघून जाणे आता सहज शक्य झाले आहे. अमेरिकेत घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये अशी चालू राहिलेली इंजिने माणसांच्या जिवावर बेतली आहेत.

हँडलच्या काळात गाडी ताकद ओळखत होती, नंतर दात्यांचा आकार, मग आकडा, आणि आता जवळीक. यातली प्रत्येक खूण कधी ना कधी कुणीतरी नकलली. पुढचीही नकलली जाईल, आणि त्यात निराश होण्यासारखे काही नाही. कुलपाचा इतिहास असाच चालतो. काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. सीटखालचा खटका मालकाला कळत होता. आजच्या गाडीचे कुलूप मालकाला दिसत नाही, मेकॅनिकला उघडून पाहता येत नाही, आणि त्यात खोट निघाली तर ती सर्वांत शेवटी मालकाला कळते. गाडी विकताना मायलेज आणि एअरबॅगची माहिती छापतात, तशी किल्लीची सुरक्षा कोणत्या पद्धतीची आहे हेही छापावे. दोष निघाला तर ब्रेक बिघडल्यावर जशी गाडी परत बोलावतात तशी बोलवावी, आणि दुरुस्ती पहिल्या मालकाइतकीच तिसऱ्या मालकालाही फुकट मिळावी. जर्मनीने साठ वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांना बाहेर ठेवले नाही, म्हणून तिथला उपाय टिकला. आपल्याकडे असा नियम करायचा झाला, तर तो शोरूममधल्या गाडीबरोबर जुन्या बाजारातल्या, एमएच-१३ क्रमांकाच्या, तिसऱ्या हातातल्या गाडीलाही लागू व्हायला हवा.